नखाएवढा रेडिओ व त्याची कळ

घुंडी फिरवून रेडिओ लावलेली पुष्कळ मंडळी आपल्या गावात आजही आहेत. घुंडी फिरवावी, दोरीला बांधलेला काटा तबकडीवरून सरकावा, आधी खरखर यावी, मग शिट्टी यावी, आणि बोट केसभर पुढे नेले की बातम्या स्वच्छ ऐकू याव्यात. त्या घुंडीच्या मागे ‘गँग’ नावाचे पत्र्याच्या पात्यांचे कंडेन्सर असे. ती पाती एकमेकींत किती शिरली यावर स्टेशन ठरे. ऐकणाऱ्याचे बोट आणि यंत्र यांचा संबंध थेट होता. मध्ये कोणी नव्हते.

आजच्या बहुतेक रेडिओंत गँग नाही, दोरी नाही आणि काटाही नाही. मोटारीत किंवा मोबाइलमध्ये बटण दाबले की १००.७ असा आकडा उमटतो व स्टेशन लागते. मग ती घुंडी गेली कोठे? तिचा आकडा झाला, हे आमचे उत्तर आहे. तो आकडा कोण लिहितो, कोठे लिहितो आणि लिहिल्यावर आत काय घडते, हे येथे सांगावयाचे आहे. आम्ही इंजिनियर नव्हे. आमचे काम कामगार संघटनेचे. परंतु ज्या वस्तूने आमच्या माणसांचे काम बदलले, ती वस्तू आतून पाहिल्याशिवाय तिच्याविषयी बोलू नये असा आमचा शिरस्ता आहे.

उदाहरणासाठी आम्ही एकच चिप घेतो. फिलिप्स कंपनीच्या अर्धवाहक विभागाने या शतकाच्या आरंभी काढलेली ‘टीईए ५७६७’ ही ती चिप. (तो विभाग २००६ साली वेगळा होऊन एनएक्सपी या नावाने चालू लागला.) लांबी सहा मिलिमीटर, रुंदी तितकीच, करंगळीच्या नखावर बसेल. तिला चाळीस जोडटोके आहेत. हिच्यानंतर अधिक हुशार चिपा निघाल्या, परंतु हिचा कारभार पाच ओळींत वाचता येतो, आणि हिच्या तयार पट्ट्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा तपकीर गल्लीतून आणून विद्यार्थी प्रयोग करीत आले आहेत. म्हणून ही बरी.

प्रथम रेडिओपुढची मूळ अडचण पाहू. एरियलवर एकच स्टेशन येत नाही; सारीच येतात. ८८ ते १०८ मेगाहर्ट्‌झ या पट्ट्यात, म्हणजे सेकंदाला आठ कोटी ऐंशी लाख ते दहा कोटी ऐंशी लाख कंपने या टापूत, सर्व स्टेशने एकाच वेळी ओरडत असतात. त्यांतून एक निवडायचे तर गाळणी हवी, आणि ती प्रत्येक स्टेशनापाशी नेऊन नेमकी बसवायची तर फार कठीण. एडविन आर्मस्ट्राँग या अमेरिकन इंजिनियराने पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८ साली, हा प्रश्न उलटा करून सोडवला. गाळणी एका जागी पक्की ठेवायची आणि हवे ते स्टेशनच तिच्यापाशी ओढून आणायचे!

ओढायचे कसे? तंबोरा जुळवताना जोडीच्या दोन तारा किंचित वेगळ्या लागल्या की एक संथ हेलकावा ऐकू येतो. तो दोन्ही तारांच्या कंपनांतील फरकाचा असतो. रेडिओत असाच फरक मुद्दाम काढतात. यंत्राच्या पोटात एक आंदोलक स्वतःची कंपने तयार करतो. ती बाहेरून आलेल्या लहरींशी मिश्रकात मिसळली (खरे म्हणजे गुणली) जातात, आणि फरकाची नवी लहर निघते. गाणे किंवा भाषण त्या फरकाच्या लहरीवर जसेच्या तसे राहते. आंदोलकाची कंपने बदलली की निराळे स्टेशन त्या ठरलेल्या फरकावर येऊन बसते. म्हणून आम्ही घुंडी फिरवीत होतो तेव्हा मुख्यतः आपल्याच रेडिओच्या पोटातला आंदोलक फिरवीत होतो.

एफएम रेडिओत हा फरक पिढ्यानपिढ्या १०.७ मेगाहर्ट्‌झ ठेवला जाई. त्यासाठी चौकोनी पत्र्याच्या डब्यांतील गुंडाळ्या किंवा सिरॅमिकच्या गाळण्या लागत, आणि त्या सिलिकॉनच्या कणात मावत नाहीत. कारण सोपे आहे. एका स्टेशनाची रुंदी सुमारे ०.२ मेगाहर्ट्‌झ धरली, तर १०.७ मधून तेवढाच टापू कापून काढणारी गाळणी फार धारदार असावी लागते. हाच फरक खाली आणून २२५ किलोहर्ट्‌झ, म्हणजे ०.२२५ मेगाहर्ट्‌झ केला, तर टापूची रुंदी आणि त्याची जागा जवळजवळ सारखी होते व बोथट गाळणीही काम भागवते. अशी गाळणी ट्रान्झिस्टर, रोधक व बारीक कंडेन्सर यांची चिपवरच करता येते. आमची चिप २२५ किलोहर्ट्‌झवर चालते. या वाटेने फिलिप्सचीच ‘टीडीए ७०००’ ही चिप १९८३ साली गेली होती. तिने तर फरक ७० किलोहर्ट्‌झवर आणला. एफएम स्टेशनाची लहर दोन्ही बाजूंना ७५ किलोहर्ट्‌झ हेलकावते, मग ७० मध्ये ती मावणार कशी? त्यांनी आंदोलकालाच त्या हेलकाव्यामागून थोडे थोडे धावायला लावले आणि हेलकावा १५ किलोहर्ट्‌झवर आणला. असली युक्ती वाचली की आम्हांला अजून गंमत वाटते.

पण फरक लहान करण्याची किंमत असते. समजा आंदोलक स्टेशनाच्या २२५ किलोहर्ट्‌झ वर आहे. मग आंदोलकाच्याही वर २२५ किलोहर्ट्‌झवर जे दुसरे स्टेशन असेल, त्याचाही फरक २२५ च येणार. मिश्रकाला दोन्ही सारखीच. याला प्रतिमा-स्टेशन म्हणतात. जुन्या रेडिओत ते २१.४ मेगाहर्ट्‌झ दूर, म्हणजे एफएमच्या पट्ट्याबाहेरच पडे. येथे ते फक्त ४५० किलोहर्ट्‌झवर, शेजारच्या ओसरीवर!

यावरचा उपाय सायकलच्या चाकावरून कळेल. फिरते चाक बरोबर कडेने पाहिले तर त्याच्या वॉल्व्हचे टोक फक्त वर-खाली होताना दिसते. चाक सुलटे फिरते की उलटे, ते कळत नाही. परंतु एक माणूस समोर आणि दुसरा चाकाच्या माथ्यावर बसवला, व दोघांनी आपापले पाहणे जुळवले, तर दिशा लगेच कळते. चिपमध्ये म्हणून एक नाही तर दोन मिश्रक आहेत आणि त्यांना दिलेल्या कंपनांत पाव फेरीचे अंतर आहे. खरे स्टेशन सुलटे फिरते, प्रतिमा उलटी फिरते. पुढची गाळणी सुलट्याला वाट देते व उलट्याला पुष्कळसे दाबते. पाव फेरीचे अंतर नेमके मिळावे म्हणून आंदोलक दुप्पट वेगाने, १५० ते २१७ मेगाहर्ट्‌झ या टापूत चालवतात आणि मग दोनाने भागतात.

आता घुंडीचा आकडा कसा होतो ते पाहू. लेखाचे मर्म येथे आहे.

आंदोलकाजवळ व्हॅरिकॅप नावाचे डायोड असतात. त्यांच्यावर दाब वाढवला की त्यांची धारकता घटते. गँगची पाती हाताने सरकत होती, येथे तेच काम विजेचा दाब करतो. पण दाब किती द्यावा? उष्णतेने, जुनेपणाने सारेच हलते. म्हणून आंदोलकाला एक हजेरीबाबू नेमून दिला आहे. त्याच्याजवळ एक पक्के घड्याळ आहे: सेकंदाला ३२,७६८ ठोके देणारा क्वार्ट्झचा स्फटिक. आपल्या मनगटी घड्याळातला स्फटिक तोच. ३२,७६८ पंधरा वेळा निम्मा केला की १ उरतो, म्हणून घड्याळजींनी तो निवडला. त्या स्फटिकाच्या हिशेबाने आंदोलकाची कंपने मोजली जातात. ठरल्यापेक्षा कमी भरली तर दाब वाढतो, जास्त भरली तर घटतो, आणि हे अखंड चालू राहते. आंदोलक स्फटिकाशी जखडला जातो. मोजणीची रचना अशी आहे की बाहेरून दिलेल्या आकड्याला ८,१९२ ने (म्हणजे ३२,७६८ च्या चौथ्या हिश्शाने) गुणले की आंदोलकाची कंपनसंख्या यावी.

मुंबई आकाशवाणीच्या १००.७ मेगाहर्ट्‌झच्या एफएम केंद्राचा हिशेब करू. १०,०७,००,००० मध्ये २,२५,००० मिळवले की आंदोलक हवा १०,०९,२५,००० वर. याला ८,१९२ ने भागले की १२,३१९.९५ येतात, पूर्णांक धरला १२,३२०. उलट गुणून पाहा: १०,०९,२५,४४०. चूक फक्त ४४० कंपनांची, दहा कोटींत! प्रत्येक स्टेशनाला इतके नशीब लाभत नाही. पुण्याच्या १०१ मेगाहर्ट्‌झसाठी १२,३५७ हा आकडा येतो व चूक साडेतीन हजारांवर जाते. तरीही दोन लाख रुंदीच्या स्टेशनात ती कानाला कळत नाही.

हा १२,३२० चिपला सांगायचा कसा? तिला फक्त ‘आहे’ आणि ‘नाही’ कळते. जुन्या वाण्याच्या मापांचा येथे उपयोग होईल. छटाक, नवटाक, पावशेर, अच्छेर, शेर: प्रत्येक माप मागच्याच्या दुप्पट, आणि कोणतेही वजन ही मापे पारड्यात ठेवून किंवा न ठेवून साधते. १२,३२० म्हणजे ८,१९२ अधिक ४,०९६ अधिक ३२. तीन मापे पारड्यात, बाकीची बाहेर. प्रत्येक मापाची जागा म्हणजे बिट, आणि आठ बिटांचा गठ्ठा म्हणजे बाइट. आकडा चौदा जागांचा असल्याने तो दोन बाइटांत वाटला जातो: पहिल्यात ४८, दुसऱ्यात ३२. पडताळा हवा असेल तर ४८ ला २५६ ने गुणून ३२ मिळवा.

ही बाइटे दोन तारांवरून जातात. एकीवर ठोका, दुसरीवर मजकूर. फिलिप्सने १९८२ साली बसवलेली ही पद्धत ‘आय-टू-सी’ म्हणून ओळखली जाते. हुकूम देणारी एक लहानशी संगणक-चिप असते. ती आधी पत्ता उच्चारते. आमच्या चिपचा पत्ता ९६. मग लिहायचे आहे की वाचायचे, ते सांगते. प्रत्येक आठ बिटांनंतर ऐकणारी चिप मजकुराची तार क्षणभर खाली ओढून ‘हजर’ म्हणते. हजर आले नाही तर चिप जागेवर नाही किंवा तार तुटली आहे.

हुकुमाची बाइटे पाच, आणि क्रम बदलता येत नाही. १००.७ साठी ती अशी: ४८, ३२, १६, १६, ०. पगाराची चिठ्ठी वाचता येणाऱ्याला ही वाचता येतील. पहिल्या बाइटमध्ये आकड्याच्या वरच्या सहा जागा आहेत. उरलेल्या दोहोंपैकी १२८ चे माप टाकले की आवाज बंद, ६४ चे टाकले की चिप स्वतः स्टेशन शोधू लागते. तिसऱ्यातील १६ म्हणजे ‘आंदोलक स्टेशनाच्या वर ठेव’. चौथ्यातील १६ म्हणजे ‘स्फटिक ३२,७६८ चा आहे’. चौथ्यातच ६४ चे माप टाकले तर चिप झोपी जाते. पाचव्यातील एक बिट तार स्वर किती मऊ करायचे ते ठरवते, कारण अमेरिकेतील व युरोपातील प्रक्षेपणांची रीत त्या बाबतीत वेगळी आहे. कोणत्या बिटाने डावा कान बंद होतो, कोणत्याने उजवा, हा तपशील आम्ही सोडतो.

शोधण्याचे काम मात्र पाहण्यासारखे आहे. वर जायचे की खाली, आणि किती जोरकस स्टेशन आले म्हणजे थांबायचे, हे तिसऱ्या बाइटमध्ये सांगतात. चिप आलेल्या लहरीचा जोर शून्य ते पंधरा अशा श्रेणीत मोजते. ५, ७ किंवा १० यांपैकी एक पायरी निवडता येते. पायरी खाली ठेवली तर खरखरीवरही थांबेल, वर ठेवली तर दूरचे क्षीण केंद्र ओलांडून जाईल. मोटारीचा रेडिओ गावाबाहेर पडल्यावर स्टेशनामागून स्टेशन सोडून धावतो, त्याच्या मागे कोणी तरी कारखान्यात बसून निवडलेली अशीच एक पायरी असते.

जोरावर सारे कळत नाही. बलाढ्य स्टेशनाच्या जरा बाजूला उभे राहिले तरी जोर पुरेसा भरतो. गर्दीत पुढाऱ्याच्या शेजारी उभा असलेला माणूसही मोठाच वाटतो, तसे. म्हणून चिपकडून पाच बाइटे परत वाचता येतात व त्यांत एक मोजणी असते: फरकाची लहर खरोखर २२५ किलोहर्ट्‌झच्या आसपास आहे काय? ती मोजणी ४९ ते ६२ यांमध्ये आली तर स्टेशन मध्यावर लागले आहे. शोध संपला काय, कोणत्या आकड्यावर थांबला, स्टिरिओचा १९ किलोहर्ट्‌झचा खुणेचा सूर मिळाला काय, हेही या उत्तरात येते. प्रतिमेचा बंदोबस्तही येथूनच पुरा करतात. स्टेशनाच्या ४५० वर व ४५० खाली जोर वाचून पाहतात आणि ज्या बाजूला कमी गोंगाट असेल त्या बाजूला आंदोलक ठेवतात. हुकूम देणाऱ्याने उत्तर वाचले नाही, तर चिपचे अर्धे शहाणपण वाया जाते. कित्येक स्वस्त यंत्रांत ते वाया गेलेले आम्ही पाहिले आहे.

आता या चिपच्या माहितीपत्रकातील एका वाक्याकडे येतो. तिला कसलीही जुळवणी करावी लागत नाही, असे तिचे निर्माते सांगतात. वाक्य लहान आहे, पण आम्हांला ते ओळखीचे वाटले. १९९० च्या दशकात रेडिओ जुळणीच्या एका कारखान्यात आम्ही संघटनेचे काम करीत होतो. पट्ट्याच्या शेवटी अलाइनमेंटचे टेबल असे. तेथील मुली हातात प्लॅस्टिकचा पेचकस घेऊन त्या पत्र्याच्या डब्यांतील फेराइटचा गाभा फिरवीत. पेचकस प्लॅस्टिकचा, कारण लोखंडाचा जवळ नेला तरी गुंडाळीची जुळणी बदलते. डोळा मीटरच्या काट्यावर, बोटात केसाइतकी हालचाल. जोर जास्त झाला तर गाभा तडकतो. सेट चांगला वाजेल की शिट्टी मारील, हे त्या टेबलावर ठरे. त्यांची श्रेणी मात्र ‘अर्धकुशल’. स्क्रू तर फिरवायचा, त्यात कौशल्य कसले, असे व्यवस्थापनाचे म्हणणे. आम्ही ‘कुशल’ श्रेणी मागितली आणि बोलणी लांबत गेली. तेवढ्यात नव्या पाट्या आल्या. त्यांवर डबे निम्मे झाले, पुढे नाहीसे झाले. टेबल उठले, त्याबरोबर मागणीही उठली.

टेबल कोठे गेले, हे चिपमध्ये पाहिल्यावर कळते. तो ३२,७६८ चा स्फटिक केवळ आंदोलकाची हजेरी घेत नाही. गाळणीचा मध्यही त्याच्याच आधाराने बसवला जातो, स्टिरिओ उलगडणारा भाग त्याच्याच आधाराने जुळतो, आणि ती पडताळ्याची मोजणीही त्याच्याच घड्याळावर होते. मुली डोळ्याने व बोटाने जे करीत होत्या, तेच हा स्फटिक यंत्र चालू असेपर्यंत करीत राहतो, आणि उन्हाने गाळणी सरकली तर परत जागेवर आणतो. ते काम जर ‘स्क्रू फिरवणे’ एवढेच असते, तर त्याच्या जागी इतकी रचना बसवावी लागली नसती. चिप वाईट, असे आमचे म्हणणे नाही. जुन्या सेटपेक्षा ती अधिक स्थिर वाजते. परंतु कौशल्य होते की नव्हते, या वादाचा निकाल तिच्या नकाशातच लिहिलेला आहे.

दुसरा प्रश्न ऐकणाऱ्यांचा. घुंडी आकड्यात गेली आणि आकडा लिहिणारा मध्ये आला. मोबाइलमध्ये एफएम ऐकण्याचा भाग पुष्कळदा वाय-फाय व ब्लूटूथ यांच्याबरोबर एकाच चिपवर असतो. तो असूनही फोन रेडिओ वाजवीलच असे नाही. त्याला एरियलची तार जोडली पाहिजे, त्याला जागे करणारा हुकूम सुटला पाहिजे, आणि तो हुकूम सोडणारे बटण पडद्यावर दिले पाहिजे. यांपैकी एक जरी गोष्ट बनवणाऱ्याने केली नाही, तर विकत घेतलेला कान बंदच राहतो. घुंडी असती तर मालकाने ती फिरवून पाहिली असती. येथे फिरवायला काही नाही.

२०१७ साली अमेरिकेत लागोपाठ मोठी वादळे झाली, तेव्हा तेथील दळणवळण आयोगाच्या अध्यक्षांनी ॲपल कंपनीला फोनमधील एफएम चालू करण्याचे जाहीर आवाहन केले. त्या वेळच्या आपल्या नव्या फोनांत एफएमची चिपही नाही व एरियलही नाही, असे कंपनीचे उत्तर आले. आपल्याकडे २०२३ साली केंद्राच्या इलेक्ट्रॉनिकी व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने उत्पादकांना सूचनापत्र पाठवले: ज्या फोनांत एफएमची सोय आहे तेथे ती बंद करू नये, नसेल तेथे देता आली तर द्यावी. गरीब व ग्रामीण लोकांना मिळणारी फुकट माहिती आणि आपत्तीचा प्रसंग, ही कारणे त्यात होती. ते सूचनापत्र होते, कायदा नव्हे.

आपत्तीचे कारण तपासून पाहण्यासारखे आहे. २६ जुलै २००५ च्या पुरात मुंबईत मोबाइलची सेवा कोलमडली होती. फोनवरचे प्रत्येक बोलणे जवळच्या मनोऱ्याची थोडी जागा व्यापते. सारे शहर एकदम बोलू लागले की जागा संपते, आणि मनोऱ्याची वीज गेली की उरलीसुरलीही जाते. प्रक्षेपण एकमार्गी असते. एक केंद्र व त्याचे जनित्र शाबूत असेल तर हजार लोकांनी ऐकले काय आणि एक कोटींनी ऐकले काय, त्याच्यावरील भार तोच. फोनवर इंटरनेटवरून लावलेले ‘रेडिओ’ यात मोडत नाहीत. ते मनोऱ्यावरच जगतात.

म्हणून आपल्या फोनात एफएम आहे की नाही ते कोरड्या दिवसांतच पाहून ठेवावे, आणि तारेचा इअरफोन जपून ठेवावा. १०० मेगाहर्ट्‌झच्या लहरीची लांबी तीन मीटर; तिचा चौथा हिस्सा पाऊण मीटर. एरियलला तेवढी तार चांगली लागू पडते, आणि त्याहून थोड्या लांब इअरफोनच्या तारेचाच फोनमध्ये एरियल म्हणून उपयोग करतात. बिनतारी इअरफोन कानात कितीही छान वाजला तरी फोनला ही तार देऊ शकत नाही.